गोरेगावच्या प्रदर्शनात आमच्या कंपनीचा पहिलाच स्टॉल आहे, ९ चौरस मीटरचा. तयारी कधीपासून करू?

आजपासूनच करा, निदान ३-४ महिने तरी हातात हवेत. आधी बघा शेल स्कीम घेतलीय की नुसती मोकळी जागा, कारण शेल स्कीममध्ये पार्टिशन, नावाची पट्टी, टेबल-खुर्च्या, थोडे लाइट असं मिळतं आणि मोकळ्या जागेत फक्त जमीन, बाकी सगळं फॅब्रिकेटरकडून, म्हणजे स्टॉल उभारून देणाऱ्याकडून, करून घ्यायचं.

आयोजकांचं मॅन्युअल येतं ना, ते शब्द न शब्द वाचा आणि त्यातल्या फॉर्मच्या तारखा भिंतीवर लावा. विजेचा फॉर्म तर सगळ्यात आधी. आम्ही एकदा मशीन नेलं, लोड किलोवॅटमध्ये लिहिला पण थ्री फेज, म्हणजे त्या मशीनला लागणारं तीन फेजचं वीज कनेक्शन, मागायचं राहिलं, पूर्ण पहिला दिवस मशीन झाकून ठेवलेलं आणि लोक येऊन विचारतायत चालू करून दाखवा म्हणून, फार वाईट वाटतं हो. नावाच्या पट्टीचं स्पेलिंगही दोघांनी तपासा, तिथे जसं लिहाल तसंच छापून येतं.

माल टेम्पोने पाठवणार असाल तर मुंबईत मोठ्या गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी असते ते धरून निघा. सोबत एक्स्टेंशन बोर्ड, दुहेरी टेप, कात्री, फडकं न्याच.

आणि स्टॉलवर किमान तीन माणसं ठेवा, आलटून पालटून जेवता येतं. आलेल्या प्रत्येक व्हिजिटिंग कार्डच्या मागे तिथल्या तिथे लिहा त्यांना नेमकं काय हवंय, संध्याकाळपर्यंत चेहरे लक्षात राहत नाहीत. प्रदर्शन संपलं की त्यांना आठवड्याच्या आत फोन करा.