दुसऱ्या सत्रातला कॅल्क्युलस खरंच पहिल्यापेक्षा अवघड असतो का? तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या सत्रात लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह चांगले जमले, मार्कही बरे पडले. आता पुढे इंटिग्रेशनच्या पद्धती आणि इन्फिनिट सिरीज (न संपणाऱ्या बेरजा) आहेत, सीनियर घाबरवतायत, आणि दोन सत्रांमधल्या सुट्टीत काय करावं ते कळत नाहीये. मी हा कोर्स विद्यार्थी म्हणून केलाय, नंतर त्याची ट्यूटोरियल्स घेतलीत आणि पेपरही तपासलेत. तेव्हा दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते सांगते.

अवघड आहे, हे खरं. पण 'सूत्रं फार आहेत' हे त्याचं कारण नाही. सूत्रं पहिल्या सत्रातही होतीच. पहिल्या सत्रात काय करायचं ते प्रश्नच सांगतो. गुणाकार दिसला की प्रॉडक्ट रूल, फंक्शनच्या पोटात फंक्शन दिसलं की चेन रूल. कितीही वेडंवाकडं फंक्शन द्या, नियम लावत गेलं की डेरिव्हेटिव्ह निघतोच. दुसऱ्या सत्रात काय करायचं ते तुम्ही ठरवायचं असतं. डेरिव्हेटिव्ह काढणं म्हणजे दळण दळणं. इंटिग्रेशन म्हणजे पीठ हातात घेऊन जात्यात कोणतं धान्य होतं ते ओळखणं.

ही तीन भावंडं बघा: क्ष·ई^क्ष, क्ष·ई^(क्ष²) आणि ई^(क्ष²). दिसायला सारखी. पहिल्याला बाय पार्ट्स (प्रॉडक्ट रूल उलटा वापरायची पद्धत) लागतं आणि उत्तर येतं (क्ष − १)·ई^क्ष. दुसऱ्यात क्ष² ला नवं नाव दिलं (यालाच सब्स्टिट्यूशन म्हणतात) की एका ओळीत ई^(क्ष²) चा अर्धा मिळतो. तिसऱ्याचं इंटिग्रल आपल्या ओळखीच्या फंक्शन्समध्ये, म्हणजे घात, मूळ, ट्रिग, लॉग, एक्स्पोनेन्शियल यांच्या कुठल्याही मर्यादित जुळणीत, लिहिताच येत नाही. कोणाला सापडलं नाही असं नव्हे, नसतंच. अशा गोष्टी सिद्ध करण्याचा पाया फ्रेंच गणितज्ञ जोसेफ लिऊव्हिल यांनी १८३० च्या दशकात घातला. बाहेरचा एक क्ष गेला आणि दोन मिनिटांचं गणित अशक्य झालं! पहिल्या सत्रात असं कधीच घडत नाही, म्हणून तिथे पैकीच्या पैकी घेणारी मुलंही इथे गोंधळतात.

म्हणून माझा मुख्य सल्ला: निवड करण्याचा सराव वेगळा करा. पुस्तकात सब्स्टिट्यूशनच्या धड्याखाली सगळी गणितं सब्स्टिट्यूशनचीच असतात. ती पन्नास सोडवलीत तरी 'इथे सब्स्टिट्यूशन लावायचं' हे ओळखायला शिकत नाही, कारण धड्याच्या नावानेच ते सांगून टाकलेलं असतं. परीक्षेत धड्याचं नाव नसतं. सगळ्या धड्यांची गणितं मिसळून एक यादी करा आणि ती सोडवू नका. प्रत्येकासमोर फक्त पद्धत लिहा आणि ती का, याचं अर्ध्या ओळीत कारण. मग काही निवडक सोडवून अंदाज तपासा. हे कंटाळवाणं वाटतं, पण मी पाहिलेल्या मुलांत सर्वात जास्त फरक यानेच पडला.

नमुना म्हणून एक कुटुंब घेऊ. १/(क्ष²+१) थेट आर्कटॅन (टॅनचं उलट फंक्शन). क्ष/(क्ष²+१) मध्ये वर छेदाच्या डेरिव्हेटिव्हचा अर्धा बसलाय, म्हणून लॉग. क्ष²/(क्ष²+१) मध्ये वरचा घात खालच्याइतकाच आहे, म्हणून आधी भागाकार, म्हणजे १ − १/(क्ष²+१), आणि उत्तर क्ष − आर्कटॅन क्ष. १/(क्ष²−१) मध्ये फक्त चिन्ह बदललं, पण आता छेदाचे अवयव पडतात, म्हणून पार्शल फ्रॅक्शन्स, म्हणजे अपूर्णांकाचे सोपे तुकडे. आणि क्ष²+१ चं वर्गमूळ आलं की क्ष = टॅन थीटा. पाच गणितं, पाच वाटा. ही यादी पाठ करू नका. प्रत्येक वेळी नजर आधी कुठे गेली ते लक्षात ठेवा: छेदाचे अवयव पडतात का, वर खालच्याचा डेरिव्हेटिव्ह आहे का, कोणाचा घात मोठा आहे.

उत्तर आलं की डेरिव्हेटिव्ह काढून पडताळा. इतका स्वस्त पडताळा गणितात फार ठिकाणी मिळत नाही, तरी फार थोडे जण तो करतात. पुस्तकामागचं उत्तर वेगळं दिसलं तर लगेच खोडू नका. साइन क्ष · कॉस क्ष चं इंटिग्रल कोणी साइन²/२ लिहील, कोणी −कॉस²/२, कोणी −(कॉस २क्ष)/४. तिन्ही बरोबर, फरक फक्त स्थिरांकाचा. बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलेले पेपर मी तपासलेत, आणि मार्क कापताना खरंच जिवावर येतं.

आणखी एक निरीक्षण. ज्यांना वाटतं आपल्याला इंटिग्रेशन येत नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांचं अडतं ते बीजगणितात आणि ट्रिगमध्ये. वर्ग पूर्ण करता येत नाही, साइन² चं हाफ-अँगल रूप आठवत नाही, लॉगच्या बेरजेचा गुणाकार करताना हात कापतो. कॅल्क्युलस त्या सगळ्याच्या वर उभा आहे.

मध्येच सेक क्ष चं इंटिग्रल येईल. (सेक + टॅन) ने वर-खाली गुणा, म्हणजे झालंच, असं शिकवतात. ही युक्ती आकाशातून पडल्यासारखी वाटते आणि 'हे मला कसं सुचलं असतं?' म्हणून मुलं खट्टू होतात. नसतंच सुचलं. मर्केटरच्या नकाशात, म्हणजे खलाशी वापरत त्या जगाच्या नकाशात, अक्षांशाच्या रेषा किती अंतरावर काढायच्या यासाठी हीच बेरीज लागत होती. एडवर्ड राइटने १५९९ मध्ये ती बारीक बारीक तुकडे जोडून कोष्टकात दिली. १६४० च्या दशकात हेन्री बाँडच्या लक्षात आलं की हे आकडे टॅनच्या लॉगच्या कोष्टकाशी जुळतायत. सिद्धता द्यायला १६६८ साल आणि जेम्स ग्रेगरी उजाडावा लागला. ज्याला मोठमोठ्यांना जवळजवळ सत्तर वर्षं लागली ते वहीत दीड ओळीत येतं. ते पाठ करा आणि पुढे चला.

क्षेत्रफळ, घनफळ, वक्राची लांबी यावर फार बोलत नाही. आकृती काढा, एक पातळ काप दाखवा, त्याचं माप लिहा, मग इंटिग्रल. काप फिरण्याच्या अक्षाला काटकोनात असेल तर चकती, समांतर असेल तर पोकळ नळकांडं. आकृती न काढता सूत्रात आकडे भरणाऱ्यांचंच इथे चुकतं.

इम्प्रॉपर इंटिग्रल, म्हणजे जिथे सीमा किंवा फंक्शन अनंताकडे जातं ते, मात्र जपून. १/क्ष² चं −१ पासून १ पर्यंत इंटिग्रल काढा. डोळे मिटून नियम लावला तर −२ येतं. फंक्शन सगळीकडे धन, आणि क्षेत्रफळ ऋण? शून्यापाशी फंक्शन अनंताकडे पळतं, तिथे तोडून दोन्ही बाजूंनी लिमिट घ्यायला हवी होती, आणि ती घेतली की कळतं, हे इंटिग्रल डायव्हर्ज होतं, म्हणजे त्याला ठरावीक किंमतच नाही. सीमा लिहिण्याआधी मधे कुठे छेद शून्य होतो का ते बघायची सवय लावा. प्रश्नात 'हे इम्प्रॉपर आहे' असं कोणी लिहून देत नाही.

आता सिरीज. इथे प्रश्नाची जातच बदलते, आणि हे कोणी नीट सांगत नाही. आतापर्यंत 'किती?' विचारत होते, आता 'मुळात बेरीज आहे का?' विचारतात. १ + १/४ + १/९ + १/१६… ही बेरीज कुठेतरी थांबते (म्हणजे एका ठरावीक आकड्याकडे जाते, कन्व्हर्ज होते) हे दाखवायला तुम्हाला दोन ओळी लागतील; ती नेमकी पाय²/६ (पाय म्हणजे π) आहे हे शोधायला १७३४ साली गणितज्ञ ऑयलर यावा लागला. परीक्षेत तुमच्याकडून पहिलंच मागतात. उत्तर म्हणून आकडा न येता एक वाक्य येतं, याची सवय व्हायला वेळ लागतो.

सर्वात मोठा घोटाळा सीक्वेन्स आणि सिरीजचा. एक आहे आकड्यांची रांग, दुसरी आहे त्या रांगेची चढती बेरीज. पदं शून्याकडे जातात म्हणून बेरीज थांबते असं नाही. १ + १/२ + १/३ + १/४… पदं शून्याकडे जातात, बेरीज मात्र कुठलीही मर्यादा ओलांडते. चौदाव्या शतकात निकोल ओरेमने दिलेला युक्तिवाद अजून तसाच शिकवतात: १/३ + १/४ हे अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, पुढची आठ मिळून पुन्हा, अर्धे मिळत राहतात, संपत नाहीत. आणि हे कॉम्प्युटरवर बेरजा करून कळत नाही. बेरीज १० च्या पुढे जायला १२,३६७ पदं लागतात, आणि दहा लाख पदं घेतली तरी ती साडेचौदाच्या खालीच असते. पडद्यावर बघणारा म्हणेल, थांबली की!

टेस्टची नावं सात-आठ असतात आणि मुलं त्या एकामागून एक लावत सुटतात. तसं करू नका. आधी विचारा: एन (पदाचा क्रमांक) खूप मोठा झाला की हे पद कशासारखं वागतं? (एन²+३)/(एन⁴+५एन) हे १/एन² सारखं वागतं, म्हणून कन्व्हर्ज होतं. लिमिट कम्पॅरिझन (ओळखीच्या सिरीजशी पदांची तुलना) लावून मोकळे व्हा. फॅक्टोरियल किंवा घातांकात एन दिसला की रेशो टेस्ट, म्हणजे पुढचं पद भागिले आधीचं पद. नुसत्या घातांच्या भागाकारात रेशो टेस्ट लावाल तर उत्तर १ येईल आणि १ काहीच सांगत नाही. १/एन आणि १/एन² दोघांनाही १ च येतो, एक बुडते, दुसरी तरते. चिन्हं आलटून-पालटून असतील तर पदं घटत शून्याकडे जातात का ते बघा. आणि टेस्टच्या अटी लिहा. 'पदं धन आहेत', 'फंक्शन घटतं आहे' ही वाक्यं नसली की मार्क जातात, कारण या भागात उत्तर म्हणजे कारणच.

टेलर सिरीजपर्यंत, म्हणजे फंक्शनलाच क्ष च्या घातांच्या न संपणाऱ्या बेरजेत लिहिण्यापर्यंत, पोचलात की आधीची खटपट कशासाठी होती ते कळतं. इंटिग्रेट न होणाऱ्यांपैकी ई^(−क्ष²) घ्या. त्याला सिरीजमध्ये लिहा, पद-पद इंटिग्रेट करा, ० ते १ सीमा घाला: १ − १/३ + १/१० − १/४२ + १/२१६ − १/१३२०… ही सहा पदं ०.७४६७ देतात, खरी किंमत ०.७४६८. आणि चूक किती असू शकते हेही हातात आहे, पुढच्या पदापेक्षा, म्हणजे १/९३६० पेक्षा कमी. सगळ्या सिरीज इतक्या गुणी नसतात. १ − १/३ + १/५ − १/७… ही पाय/४ देते. चौदाव्या-पंधराव्या शतकातले केरळचे माधव आणि पुढे युरोपात ग्रेगरी-लाइबनित्स यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिची शंभर पदं घेऊनही पाय ३.१३१६ पर्यंतच येतो. माधवांच्या परंपरेत म्हणूनच शेवटी जोडायचं दुरुस्तीचं पदही दिलेलं आहे. पाठ करायच्याच असतील तर ई^क्ष, साइन, कॉस, १/(१−क्ष) आणि लॉग(१+क्ष) एवढ्या पाच करा. बाकीच्या यांतूनच निघतात. कन्व्हर्जन्सच्या अंतराची (क्ष च्या ज्या किंमतींना सिरीज कन्व्हर्ज होते त्या पट्ट्याची) दोन्ही टोकं वेगळी तपासायला विसरू नका, तपासणारा तिथेच बघतो.

सुट्टीत काय करावं, याबद्दल. रोज थोडा वेळ पुरे. ट्रिगच्या ओळखी न बघता लिहून काढा, लॉगचे नियम आणि पार्शल फ्रॅक्शन्सचं निव्वळ बीजगणित हातात बसवा, आणि चेन रूल उलट दिशेने वापरायचा सराव करा, म्हणजे सब्स्टिट्यूशन अर्धं तिथेच होईल. डेफिनिट इंटिग्रलमध्ये सब्स्टिट्यूशन केल्यावर सीमा बदलायच्या, हेही आत्ताच अंगवळणी पाडा. सिरीजमधली फक्त जिऑमेट्रिक बघून ठेवा, बाकीच्या टेस्ट सत्रात शिकवतील तेव्हा. इंटिग्रल सोडवून देणारी साधनं जरूर वापरा, पण पद्धत कागदावर लिहून झाल्यावर.