‘आउटलँडर’ मालिका आवडली. आता एवढी जाडजूड कादंबरी वाचावी का?

मालिका आवडली, पण बारीक टाइपात आठशेच्या वर पानं बघून धीर होत नाही, आणि त्यात नुसता रोमान्स आहे की इतिहासही, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: वाचा, पण कालप्रवासाच्या ओढीने वाचू नका.

डायना गॅबल्डन यांची ही १९९१ ची पहिलीच कादंबरी. दुसऱ्या महायुद्धात नर्स असलेली क्लेअर १९४५ मध्ये नवऱ्याबरोबर स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये येते आणि उभ्या शिळांच्या वर्तुळातून थेट १७४३ मध्ये जाऊन पडते. हे कसं घडतं याचा खुलासा शोधत बसलात तर निराशा पदरी येईल. बाईंना तिला तिकडे पोचवायचं होतं, पोचवलं, विषय संपला.

खरी मजा क्लेअरच्या हातात काम असतं तेव्हा येते. जेमी या स्कॉटिश तरुणाची आणि तिची पहिली भेटच बघा. त्याचा खांदा निखळलाय आणि बरोबरचे लोक तो ताकदीने बसवायच्या बेतात आहेत. अशाने हाड मोडेल म्हणून ही अनोळखी बाई पुढे होते आणि हात नीट फिरवून सांधा जागेवर बसवते. पुढे त्याची जखम धुवायला ती आयोडीन मागते, तर कोणालाच काही कळत नाही. अल्कोहोल म्हटल्यावर मात्र चेहरे खुलतात. दोनशे वर्षांचं अंतर मला अशा जागी जाणवलं. असे तपशील शे-दोनशे पानांत मावले नसते, त्यामुळे लांबीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मधला कुळांकडून खंड गोळा करत हिंडण्याचा भाग तेवढा रेंगाळतो.

प्रेमकथाही सावकाश मुरते. इंग्रज कॅप्टन रँडलच्या तावडीतून सुटायला क्लेअरला कायद्याने स्कॉटिश व्हावं लागतं, म्हणून जेमीशी लग्न. आधी लग्न, मग प्रेम हा क्रम आपल्याकडे कोणाला नवा नाही! इथे मात्र अनुभवी ती आहे आणि बुजलेला तो.

इतिहास आहे, आणि तो कथेला ताण देतो. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर जॅकोबाइट, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवू पाहणाऱ्या, सैन्याचा तासाभरात धुव्वा उडाला, हे क्लेअरला ठाऊक आहे. भोवतालच्या कोणालाच नाही. पानिपतावरची कादंबरी वाचताना आपली जी अवस्था होते, ती इथे नायिकेची होते. तरी सगळंच खरं धरू नका. चेटकिणीच्या खटल्याचा प्रसंग रंगतो जबरदस्त, पण चेटकिणींवर खटले भरण्याचा कायदा १७३६ मध्येच रद्द झाला होता.

आता खटकणारं. संकट उभं करायचं झालं की लेखिकेकडे जणू एकच युक्ती आहे: बलात्कार किंवा त्याची धमकी. दोन-तीनदा झाल्यावर भीती वाटेनाशी होते, नुसता उबग येतो. जेमी क्लेअरला ‘शिक्षा’ म्हणून पट्ट्याने मारतो तो प्रसंग तर मला अजून पचलेला नाही. ‘त्या काळी असंच होतं’ हे समर्थन ऐकलंय. असेल, पण त्याला विनोदाची फोडणी देण्याचा निर्णय विसाव्या शतकातल्या लेखिकेचा आहे. शेवटाकडची तुरुंगाची आणि त्यानंतरची प्रकरणं मालिकेत पाहिली असतील, तर पुस्तकातही ती तितकीच अंगावर येतात. पानं उलटून पुढे गेलात तरी कथा कळते.

या कादंबरीमालेतले पुढचे भाग आत्ताच मागवू नका. नववा भाग २०२१ मध्ये आला आणि गोष्ट तिथेही संपलेली नाही. पहिला भाग मात्र बऱ्यापैकी पुरा होऊन थांबतो. शक्य असेल तर लायब्ररीतून आणा आणि लग्नापर्यंत वाचून बघा. तोवर गोडी लागली नाही तर खुशाल परत करा, पुढे लिहिण्याची तऱ्हा काही बदलत नाही.