पोतदार हे आमचं मूळ आडनाव नाहीच का?

प्रश्न: आमचं आडनाव पोतदार. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर पण हेच आहे, पण पणजोबांचा जमिनीचा एक मोडी कागद वाचून घेतला तर त्यात आडनावच नाही, नुसतं 'गोपाळ बिन नारायण'. घरात म्हणतात मूळ आडनाव वेगळं होतं. हे आमचेच पणजोबा कशावरून समजायचं?

उत्तर: 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, जुन्या कागदात अशीच ओळख लिहायचे, त्यामुळे आडनाव नाही म्हणून कागद परक्याचा असं अजिबात समजू नका. आणि पोतदार हा तर हुद्दा, नाणी खरी का खोटी ते पारखणारा माणूस. ते काम वेगवेगळ्या जातीतल्या घरांकडे होतं, म्हणून सगळे पोतदार एका कुळाचे नसतात, आणि हुद्द्याआधी तुमच्या घराला दुसरं आडनाव असणं अगदी शक्य आहे. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, आडनावाच्या मागे नका लागू, गाव धरा.

आजोबांच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघा, दाखल्यापेक्षा ते महत्त्वाचं, त्यात जन्मगाव मिळतं. मग त्या गावाचं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची जुनी नोंद, ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायची. जमिनीसाठी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणाऱ्या नोंदी, काढा, वारस नोंदीत बायको, मुलं, भाऊ सगळे एका जागी सापडतात, माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा हाच. कारण आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, गोपाळ नारायण, मग नारायण गोपाळ, परत गोपाळ नारायण, आणि लोक दोन पिढ्यांची माणसं एकच समजून बसतात (हा घोळ मी खूप घरात बघितलाय). बायकोचं नाव जुळलं तरच माणूस जुळला म्हणा. कागदावर शके असेल तर 78 मिळवा, शके 1790 म्हणजे साधारण 1868, हे साल पणजोबांच्या वयाशी बसतंय का ते पण बघा.

आणि घरातलं कोणी त्र्यंबकेश्वरला विधीला गेलं होतं का ते म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या पिढीजात पुरोहितांच्या, वह्यांमध्ये येऊन गेलेल्यांच्या नोंदी असतात, त्यात गावावरून घराणं शोधता येतं, नशीब असेल तर पणजोबांची स्वतःची सही मिळेल, म्हणजे ते स्वतः आडनाव काय लावायचे ते त्यांच्याच अक्षरात कळेल.