‘केपेबिलिटी’ ब्राउन कोण होता आणि त्याच्या बागांचं एवढं कौतुक का होतं?

हा इंग्लंडमधला बागरचनाकार, खरं नाव लॅन्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३). जन्म इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमधल्या कर्कहार्लचा. तुमच्या जागेत सुधारणेला भरपूर ‘केपेबिलिटी’ म्हणजे वाव आहे, असं तो जमीनदारांना सांगायचा, त्यावरून हे टोपणनाव पडलं. १७४१ मध्ये तो बकिंगहॅमशरमधल्या स्टो या इस्टेटीच्या बागेत कामाला लागला, तिथंच मुख्य माळी झाला, पुढं स्वतंत्र कामं घेऊ लागला. दीडशेहून जास्त इस्टेटींवर त्याचा हात फिरला.

त्याचं खरं कसब पाहायचं तर ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनहाइम महालाचा परिसर पाहावा. तिथं ग्लाइम नावाच्या लहानशा प्रवाहावर भलामोठा पूल आधीच बांधलेला होता आणि तो अगदी विजोड दिसायचा. ब्राउनने १७६० च्या दशकात बांध घालून पाणी अडवलं. पुलाचा खालचा भाग बुडाला, तलाव पसरला आणि पूल एकदम शोभायला लागला. आजही ते पाणी नैसर्गिकच वाटतं. मला हे त्याचं सर्वांत मोठं काम वाटतं.

कुंपणाऐवजी तो ‘हा-हा’ वापरायचा, म्हणजे एका बाजूला भिंत असलेला खंदक. गुरं पलीकडेच राहतात, पण घरातून बघताना हिरवळ सलग दिसते. ही युक्ती त्याच्या आधीचीच, पण त्याने ती सर्रास वापरली.

मात्र या नव्या, नैसर्गिक वाटणाऱ्या रचनेसाठी त्याने जुन्या आखीव बागा मोडल्या, ब्लेनहाइमचीही. ते नुकसान मला खरंच मोठं वाटतं.

१७६४ पासून तो लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचा राजमाळी होता. तिथं १७६८ मध्ये लावलेल्या द्राक्षवेलीला अजून फळ धरतं.