लाकडी वाडग्याला डाय लावला की चट्टे पडतात, पॉलिश मारताना रंग फडक्याला लागतो, काय चुकतंय?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आंब्याच्या लाकडाचे वाडगे खरादावर (लाकूड गोल फिरवून कोरायच्या यंत्रावर) काढता, लाल डाय लावता, तर दोन बाजूंना काळपट चट्टे येतात आणि वरून चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं, पॉलिश मारलं की रंग फडक्यावर उतरतो. मी चंद्रपूरकडला, बारा-तेरा वर्षं हेच काम करून राहिलो, हे दोन्ही माझ्यासोबतही झालेलं आहे.

चट्टे काहून येतात ते आधी पहा. वाडग्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात, तिथे त्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी राहतात आणि डाय ढसाढसा पितात. म्हणून तेवढ्या दोन जागा बाकीच्यापेक्षा जास्त घासा, बाकी 220 च्या पॉलिश पेपरवर थांबलात तर तिथे 320-400 पर्यंत जा, आकडा मोठा तितका पेपर बारीक. पाण्यातला डाय असेल तर आधी नुसत्या ओल्या फडक्याने पुसून वाळवा, तंतू उभे राहतात ते हलक्या हाताने घासून काढा, मगच डाय. आणि पहिला हात पातळच ठेवा, गडद पाहिजे तर दुसरा मारा, एकदम घट्ट मारला की मग तो कमी करता येत नाही.

आता रंग उतरायचं कारण. तुमची डायची पावडर स्पिरिटमध्ये विरघळणारी असणार, पॉलिशवाल्याकडे बहुतेक तीच मिळते, आणि चपडाही स्पिरिटमध्येच. म्हणजे तुम्ही वरून पुन्हा स्पिरिट लावून खालचा रंग सोडवूनच राहिले ना. माझा एकच नियम आहे, डाय ज्याच्यात विरघळतो ते वरच्या पॉलिशमध्ये नको. पाण्यातला डाय घ्या, पूर्ण एक दिवस वाळू द्या, मग चपडा मारा. स्पिरिटचाच डाय वापरायचा असेल तर वरून जवसाचं तेल द्या.

आतून मात्र रंग लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. सुरुवातीला मी आतबाहेर लाल केलेला एक वाडगा ओळखीच्या बाईंनी दह्यासाठी वापरला आणि दही गुलाबी झालं, पैसे तर परत दिलेच पण त्यांच्या घरच्या लेकरांनी ते खाल्लं असतं तर, हे अजून डोक्यातून जात नाही. तेव्हापासून मी आधी वाडग्याची बाहेरची बाजू पूर्ण करतो, तिथे डाय, तिथेच चपडा, आणि मग आतला भाग कोरतो. आत सांडलेला रंग भुशासोबत निघून जातो, काठावर रंगाची रेष एकदम साफ येते. आत घाण्याचं कच्चं जवसाचं तेल, वाळायला दोन-तीन आठवडे लागतात, लागू द्या. हार्डवेअरमधलं उकळलेलं तेल आत नको, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूचे क्षार टाकलेले असतात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवा.

लाकूड आंबा किंवा शिवण चांगलं, फिकं असते, रंग खुलून दिसतो. सागाला डाय लावू नका, त्यात तेल असते, रंग नीट धरत नाही आणि सागाचा स्वतःचा रंग झाकायचा तरी कशाला.

हळद लावून पाहायचा विचार असेल तर उन्हात ती महिन्याभरात उडते आणि साबण लागला की लाल होते, मी सोडून दिली. काळा पाहिजे असेल तर डाय विकत घेऊच नका. गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवा, झाकण सैल ठेवा कारण गॅस होतो. हिरडा आपल्या जंगलातला, त्याची पूड पाण्यात उकळून तो काढा आधी वाडग्याला लावून वाळवा, मग वरून ते खिळ्यांचं पाणी, पाहता पाहता लाकूड काळं पडते. हा वरून बसवलेला रंग नाही, हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड मिळून लाकडातच काळं तयार होते, म्हणून पॉलिशसोबत उतरत नाही. हेसुद्धा बाहेरूनच.