नाडी १३० आणि पुढचा डोस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. दम्याच्या रुग्णाला सॅल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे नेब्युलायझेशन (मास्कमधून औषधाचा फवारा) दिल्यावर नाडी १३० भरली, चार्टवर मात्र ‘दर ६ तासांनी’ एवढेच होते, म्हणून पुढचा डोस द्यावा की थांबवावा हे कळेना, असे तू लिहितेस. तुझ्या पत्रात मी डोसच्या आधीची नाडी शोधत राहिले. ती ११० होती की १४०, हे ठाऊक नसताना १३० या आकड्यावरून मी तुला काय सांगणार, आणि रात्री उठवलेला डॉक्टर तरी काय ठरवणार?

धाप लागलेल्या माणसाची नाडी मुळातच जोरात चालते आणि सॅल्ब्युटामॉलनेही ती वाढते. म्हणून आधी मोजायचे आणि नंतर मोजायचे. नाडी वाढली, हात थरथरू लागले, पण श्वासाचा वेग उतरला आणि रुग्ण न थांबता पूर्ण वाक्य बोलू लागला, तर तो बहुधा औषधाचा परिणाम असतो. डॉक्टरांना कळवून पुढचा डोस ठरवता येतो. उलट श्वासही चढत असेल, शब्द तुटत असतील, ऑक्सिजन ९२ टक्क्यांखाली जात असेल, तर दमा आटोक्यात आलेला नाही, आणि नाडीच्या धास्तीने आपल्या मनाने औषध रोखून बसणे घातक ठरते. तेव्हा डॉक्टरांना लगेच बोलवायचे. छातीतला शिट्टीसारखा आवाज थांबला म्हणून हायसे वाटून घेऊ नकोस. हवा आत जाईनाशी झाली तरी छाती शांत होते, आणि असा रुग्ण पेंगू लागला तर एक क्षणही दवडण्यासारखा नसतो.

श्वास पूर्ण १ मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणे मी वॉर्डात कोणाचेही चालवून घेतले नाही, आणि त्यापायी खडूस ही पदवी मिळवली. एवढ्या रुग्णांमागे एवढ्या कमी सिस्टर असताना हे परवडत नाही, असे वरिष्ठ सुनावत. माणसे कमी होती हे खरेच, पण मास्क लावून पुढच्या खाटेकडे वळलेल्या सिस्टरला मागे काय बदलले हे त्या मोजणीवाचून दुसरे कोण सांगणार होते? चार्टवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने छापून घेणे मात्र निवृत्तीपर्यंत जमले नाही, ही खंत आहे.

डेरिफायलिन किंवा अमिनोफायलिन, म्हणजे थिओफायलिनच्याच जातीचे दम्याचे औषध, लिहिलेले असेल, तर आधीची चौकशी आणखी काटेकोर हवी. रुग्ण घरी थिओफायलिनच्या गोळ्या घेतो का, सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू आहे का, हे विचार. दोन्हींमुळे रक्तातली थिओफायलिनची पातळी वाढू शकते, आणि मळमळ व उलट्यांपासून नाडी अनियमित होण्यापर्यंत, अगदी झटक्यांपर्यंत मजल जाते. अमिनोफायलिन शिरेतून द्यायचे ते सावकाशच. वारंवार सॅल्ब्युटामॉल घेणाऱ्याचे रक्तातले पोटॅशियम उतरू शकते, तेव्हा तो रिपोर्ट आला का, हेही डॉक्टरांना आठवणीने विचार.

पुढच्या रात्रपाळीनंतर नाडी, श्वास आणि ऑक्सिजन, तिन्हींचे आधीचे व नंतरचे आकडे मला कळव. ‘पेशंट बरा आहे’ एवढेच लिहिलेस तर उत्तर देणार नाही.

तुझी,
जुनी सिस्टर