४ टीबीची डिस्क, पण वापरायला मिळते निम्मीच

नमस्कार. गोव्यातल्या साखळी गावाहून तुम्ही लिहिलंय की वाड्यावरच्या घुमट आरत्या आणि भजनांची रेकॉर्डिंगं एकत्र ठेवायला ४ टीबीची हार्ड डिस्क आणून डेस्कटॉपला बसवली, त्यातली २०४८ जीबीच वापरता येते, आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ या विंडोजच्या डिस्क सांभाळायच्या खिडकीत उरलेल्या १६७८ जीबीच्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय पुसट दिसतात. डिस्क धडधाकट आहे, दुकानात परत नेऊ नका. दोन्ही आकड्यांची बेरीज ३७२६ होते आणि ४ टीबी म्हणजे विंडोजच्या मोजमापात तेवढेच, कारण कंपन्या हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने.

झालं असं असणार: डिस्क पहिल्यांदा लावली तेव्हा विंडोजने ‘एमबीआर की जीपीटी’ (डिस्कवर कुठला भाग कुठे आहे याची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती) विचारलं आणि तुमच्याकडून एमबीआर निवडलं गेलं. एमबीआर ही १९८३ सालची पद्धत. तिच्यात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या एका छोट्या कप्प्याचा, क्रमांक लिहायला ३२ बिटच असतात, आणि ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला की हिशेब २ टीबीवर येऊन थांबतो. पुढची जागा तिला मोजताच येत नाही.

डिस्क जीपीटी करणं हाच उपाय, आणि तो विंडोजमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर उतरवू नका. मात्र डिस्क मॅनेजमेंट एमबीआरचं जीपीटी करायला डिस्क पूर्ण रिकामी मागतं. म्हणून तुम्ही आधीच टाकलेली ३०० जीबी रेकॉर्डिंगं प्रथम दुसरीकडे उतरवा आणि त्यातल्या दोन-चार फाइली तिथून वाजवून बघा.

आता थांबून एक गोष्ट मनापासून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी डिस्कपार्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आदेश टाइप करून डिस्क हाताळायच्या साधनात, ‘सिलेक्ट डिस्क’ लिहिताना २ च्या जागी १ लिहिलं, मग ‘क्लीन’, म्हणजे डिस्क रिकामी करायचा आदेश. त्या आदेशाला ‘नक्की का?’ विचारायची सवय नाही. पेडण्याच्या आमच्या गावातल्या जत्रेच्या नाटकाचं चित्रण गेलं, त्यात माझे वडील काम करत होते. त्यांची दुसरी चित्रफीत आमच्याकडे नाही. तेव्हापासून मी काम सुरू करण्यापूर्वी बाकीच्या सगळ्या बाहेरच्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवतो आणि डिस्क क्रमांकापेक्षा आकारावरून ओळखतो, कारण क्रमांक बदलू शकतो. तुम्हीही तसंच करा.

मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. जिच्यासमोर ३७२६ जीबी लिहिलंय ती तुमची. विंडोज असलेल्या डिस्कवर ईएफआय, रिकव्हरी अशी छोटी पार्टिशनं (डिस्कचे वेगळे पाडलेले भाग) दिसतील, त्यांना हात लावू नका. तुमच्या डिस्कवरच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे सध्या वापरात असलेल्या भागावर, राइट क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’. पट्टी पूर्ण काळी झाली की डावीकडे डिस्कचं नाव असलेल्या चौकटीवर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’. बरेच जण उजवीकडच्या पट्टीवर शोधत बसतात, तिथे हा पर्याय मिळत नाही. त्यानंतर पट्टीवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’.

फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस ठेवा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, तीन तासांच्या भजनाचा चांगला व्हिडिओ सहज त्यापुढे जातो. एक्सफॅट मॅकवरही लिहिता येते, पण तिच्यात एनटीएफएससारखी जर्नलची, म्हणजे चालू असलेल्या बदलांची, नोंद नसते. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि लिहिणं चालू असताना गेली तर ती नोंदच सावरून घेते. अलोकेशन युनिट ‘डिफॉल्ट’ असू द्या.

‘क्विक फॉरमॅट’ची खूण मी नव्या डिस्कला एकदा तरी काढायला सांगेन. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज सगळी डिस्क तपासतं आणि खराब सेक्टर बाजूला टाकतं. ४ टीबीला सात-आठ तास लागतील. यूपीएस असेल तर रात्री लावून झोपा. मध्येच वीज गेली तरी डिस्क मरत नाही, फॉरमॅट पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं एवढंच.

तीन पार्टिशनं करून एकात मूळ आणि दुसऱ्यात प्रत ठेवण्याचा तुमचा विचार मात्र सोडा. डिस्क बिघडली की तिन्ही एकदमच जातात. एकच व्हॉल्यूम करा, आत वर्षवार फोल्डर पाडा. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरात हवी, मंडळातल्या कुणाकडे तरी, कोरड्या डब्यात.

रेकॉर्डिंगं परत आणल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या आणि बाइट जुळतात का बघा. जुळेपर्यंत तात्पुरती प्रत पुसू नका. चवथीला अजून वेळ आहे, घाई करायचं कारण नाही.